पुढचा सिग्नलिंगचा खेळ विकत घेण्यापूर्वी

रेल्वे सिग्नलिंगचा, म्हणजे संगणकावर सिग्नल आणि मार्ग लावून गाड्या सोडण्याचा पहिला खेळ हाताखालून गेला, की बहुतेकांची नजर त्याहून मोठ्या नकाशाकडे वळते. माझ्या मते निवडीची ही सुरुवातच चुकते. नकाशावर स्थानके किती आहेत यापेक्षा, कोणती गाडी आधी काढावी आणि कोणती रोखून धरावी हा प्रश्न आपल्याला तिथे किती वेळा आणि किती निरनिराळ्या रूपांत पडणार आहे, हे पाहून पैसे खर्च करावेत. कल्याणच्या अलीकडे लोकल उभी करून मेल पुढे काढली, की डब्यातले प्रवासी वैतागतात. सिग्नलिंगच्या खेळातली गंमत नेमकी त्या निर्णयात असते.

सध्या मिळणारे खेळ एकाच जातीचे नाहीत, त्यामुळे आधी जात ओळखावी. ‘सिमसिग’मध्ये ब्रिटनमधील खऱ्या नियंत्रण केंद्रांचे पडदे असतात: मार्ग लावला की तो पांढरा दिसतो, गाडी आली की तो तुकडा लाल होतो, आणि गाडीची ओळख चार अक्षरी सांकेतिक क्रमांकावरून पटते, ज्यात पहिला आकडा १ असेल तर जलद गाडी, २ असेल तर थांबत जाणारी आणि ५ असेल तर रिकामा रेक. ‘रेल रूट’ या चेक खेळात मार्ग आपणच वाढवत नेतो आणि हळूहळू कामे स्वयंचलित करतो. त्यात व्यवस्थापनाचा भाग मोठा आहे. २०२३च्या जानेवारीत अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आलेला पोलंडचा ‘सिमरेल’ मुख्यतः गाडी चालवण्याचा खेळ असला, तरी त्यातल्या सिग्नल कॅबिनमध्ये बसून इतर खेळाडूंच्या गाड्या सोडता येतात. मात्र त्याला तगडे ग्राफिक्स कार्ड लागते, तर ‘सिमसिग’ जुन्या संगणकावरही चालते. ‘सिग्नल पडला’ हा आपला शब्दप्रयोग खांबावर वर-खाली होणाऱ्या ज्या हाताच्या सिग्नलांमुळे रूढ झाला, ते सिग्नल आणि ते ओढायच्या तरफा ज्यांना हव्या आहेत, त्यांचे नुसत्या रेषांच्या पडद्यावर समाधान होणार नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

पहिला खेळ दुहेरी मार्गाचा असेल, तर दुसरा एकेरी मार्गाचा, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच मार्गावरून नेणारा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. कोकण रेल्वेने गणपतीला गेलेल्या माणसाला क्रॉसिंग म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एकेरी मार्गावर दोनच मार्गिका असलेल्या स्थानकात एकाच दिशेच्या दोन गाड्या उभ्या असताना समोरून तिसरी सोडण्याची घाई केली, की कोणालाच पुढे सरकता येत नाही, आणि ही चूक प्रत्यक्षात वीस मिनिटे आधी, दोन स्थानके मागे झालेली असते. इतक्या लांबचा विचार करायला लावणारा नकाशा लहान असला तरी पुरतो. याउलट, स्वयंचलित सिग्नलांचा लांबलचक सरळ मार्ग पडदा भरून टाकतो, पण खेळाडूला काम देत नाही. शेवटच्या स्थानकांचा प्रकार आणखी वेगळा आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसला फलाट संपताच थोड्या अंतरावर बोगदा लागतो, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या तेवढ्याशा जागेत सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ) बदलत एकमेकींच्या वाटा अडवतात. हा अनुभव तिसऱ्या खरेदीसाठी राखून ठेवावा.

खेळ किती प्रामाणिक आहे, हे तपासण्याची माझी एक आवडती कसोटी आहे. गाडी जवळ येत असताना तिच्यासाठी लावलेला मार्ग रद्द करून पाहावा. खऱ्या इंटरलॉकिंगमध्ये, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी जखडून अपघात टाळणाऱ्या यंत्रणेत, सिग्नल लगेच लाल होतो, पण सांधे मात्र ठरावीक वेळ, बहुधा दोन मिनिटे किंवा त्याहून अधिक, जखडलेले राहतात. कारण चालकाने आधीचा सिग्नल मोकळा पाहिलेला असतो आणि गाडी थांबेलच याची खात्री नसते. ज्या खेळात मार्ग क्षणार्धात सुटतो, तो कोडे म्हणून चांगला असू शकतो, परंतु त्यात आपल्या घाईची किंमत मोजावी लागत नाही.

आता व्यवहाराचे. ‘सिमसिग’चे काही नकाशे विनामूल्य आहेत, म्हणून विकतचा नकाशा घेण्यापूर्वी त्यांवर हात बसवून घ्यावा. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. ते दोन तास पहाटेच्या सामसूम वेळापत्रकात घालवू नयेत, तर सोय असल्यास सकाळच्या गर्दीची वेळ निवडून, वेग न वाढवता खेळावे. मध्येच खेळ जतन करता येतो का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे, कारण नोकरी सांभाळून रात्री तासभर बसणाऱ्याला चोवीस तासांचे वेळापत्रक तीन आठवड्यांहून अधिक पुरते आणि सिग्नल लाल ठेवून निश्चिंतपणे झोपायला जाता आले पाहिजे.