भेट द्यायला काठी कोरताय? आधी माप घ्या, नक्षी नंतर

माझ्या पहिल्या काठीत मी सगळा जीव मुठीत ओतला होता. नागाचा फणा, बारीक खवले, डोळ्यांत काळे मणी, बघणारा वा म्हणणारच अशी. ज्यांना दिली त्यांनी दोन दिवस वापरली आणि भिंतीवर टांगली, कारण काय तर खवले तळहातात रुततात आणि काठी तीन बोटं लांब झालीय. त्यामुळे पटाशी हातात घ्यायच्या आधी टेप हातात घ्या.

माप असं. माणूस नेहमीच्या चपला-बूट घालून सरळ उभा, हात बाजूला सैल सोडलेले, आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर म्हणजे मुठीच्या वरच्या टोकापर्यंत काठीची उंची. काठी टेकली की कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. सरप्राइज द्यायचं असेल तर ते टेबलापाशी उभे असताना मनगट कडेच्या किती वर-खाली येतं ते नजरेत ठेवा आणि नंतर गुपचूप टेबल मोजा. तरी दोन-तीन सेंटीमीटर जास्तच ठेवा, कापता येतं, जोडता येत नाही.

लाकूड कडक, सरळ रेषांचं आणि पूर्ण वाळलेलं हवं. पाइन कोरायला लोण्यासारखं पण नखाने सुद्धा खड्डा पडतो, तेव्हा ते नको. ॲश (परदेशी झाडाचं कडक लाकूड) छान, साग पण छान, फक्त सागात सिलिका असते म्हणून हत्यारं लवकर बोथट होतात. बाभूळ मजबूत आहे पण पहिल्याच कामाला घेतलीत तर मनगटं भरून येतील. जाडी वर साधारण 25 मिलिमीटर, खाली निमुळती होत 20 पर्यंत. झाडाची ओली फांदी घेणार असाल तर दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत वर्षभर ठेवायची, टोकं उघडी राहिली की तिथूनच आधी सुकतात आणि तडे जातात. थोडी वाकडी असेल तर पाऊण-एक तास वाफ द्या, सरळ रेषेच्या जरा पलीकडे वाकवा आणि थंड होईपर्यंत तशीच बांधून ठेवा. मधोमध मोठी गाठ असलेली काठी मात्र घेऊच नका, कितीही सुंदर दिसली तरी, भार पडला की मोडायची भीती तिथेच.

आता मूठ. नुसतं मिरवायला असेल तर गोल बोंडाची चालेल, पण खरंच भार टाकणार असतील तर आडवी मूठ करा, तळहाताला बसायला जागा मिळते. मूठ वेगळ्या ठोकळ्यातून काढायची, मूठ आणि काठी दोन्हीत 10 मिलिमीटरचं भोक पाच-पाच सेंटीमीटर खोल पाडायचं, आटे असलेली स्टीलची सळई कापून आत बसवायची आणि इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने, चिकटवायची. आधी कोरडी जुळवून बघा, फट दिसली तर घासून काढा, मग चिकटवा. साग असेल तर सांध्याची जागा थिनरने पुसून घ्या, त्याच्या तेलकटपणामुळे चिकटवलेलं सुटू शकतं. पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही.

कोरीव काम कुठे करायचं हे माझ्या मते कसं करायचं यापेक्षा महत्त्वाचं. हात धरतो तो भाग साधा गुळगुळीत, खालचा वीतभर भाग पण साधा कारण तिथे ठोकरा बसतात, आणि बाकी ठिकाणी खोली दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे नको. सळई बसवलीय तिथे तर दोनच, आत भोक असल्याने भिंत आधीच पातळ असते.

पहिल्यांदा करताय तर वेल घ्या, पीळ घालत वर जाणारी. कागदी चिकटपट्टी काठीभोवती तिरकी गुंडाळत न्या, कडेने पेन्सिल फिरवा, पट्टी काढून टाका, झाली रेघ. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरवर अजून एकेक रेघ मारा, मधली रेघ म्हणजे खाचेचा तळ. मधल्या रेघेवर आधी चाकूने सरळ खाली काप द्या, मग बाजूच्या रेघेवरून तिरकं कापत त्या कापाला येऊन मिळा, ढलपी अलगद सुटते. इथे एक गंमत आहे जी मला बरीच लाकडं वाया घालवल्यावर कळली. खाच तिरकी असल्यामुळे तिची एक भिंत खालून वर कापली की चकचकीत निघते, आणि त्याच दिशेने दुसरी कापायला गेलात तर रेषे उचकटून भुसभुशीत होतात. हत्यारात दोष नाही. दुसरी भिंत वरून खाली कापा, म्हणजे काठी उलटी धरून कापा, की तीही तशीच निघेल. कापताना कर्र असा आवाज आला की थांबायचं आणि दिशा बदलायची, नीट चाललं असेल तर सुईसुई असा बारीक आवाज येतो. पानं सगळ्यात शेवटी, आणि मोजकी.

काठी मांडीवर धरून कोरू नका, शिकंज्यात कापड गुंडाळून आवळा. दुसऱ्या हातात जाड हातमोजा, आणि चाकूच्या वाटेत बोट नाही म्हणजे नाही. बोथट चाकू जास्त कापतो, तुम्हाला, कारण त्याला जोर लावावा लागतो, म्हणून दर अर्ध्या तासाने चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारा.

पॉलिश पेपर 120, 180, 240 असा चढत जा, पण खाचांच्या कडा मारू नका, नाहीतर सगळी मेहनत वितळल्यासारखी दिसते. मग ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर जे रेषे उभे राहतील ते हलक्या हाताने घासा. ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर, जास्तीचं तेल पुसून टाकायचं. आणि हे नीट वाचा, तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. बाहेर सपाट पसरून वाळवा, मगच फेका.

काठीच्या खालच्या टोकाला बसतो तो रबरी बूट माप घेऊन आणून ठेवा पण बसवू नका. काठी त्यांच्या हातात द्या, चार पावलं चालायला सांगा. एक पाय दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खांदा वर उचलला जात असेल तर तेवढं खालून कापा, बुटाच्या तळाची जाडी मोजून, कापलेल्या टोकाला तेल लावा, आणि ते वाळल्यावर बूट ठोकून बसवा.