शेंगोळे विरघळतात, कढण पाणचट होतं, रस्सा फाटतो: थंडीतल्या या चुका टाळा

नाशिक-निफाडचा पारा दहाच्या खाली उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्या घरात हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाचा डबा मागच्या फळीवरून पुढे येतो. मग संक्रांत होऊन जाईपर्यंत रात्रीच्या जेवणाला वाटीतून ओरपता येईल असं काहीतरी वाफाळतं लागतंच. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रस्स्यात शिजवलेली कडी), माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज), कुळथाचं कढण, येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आणि रविवारी पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचं सूप, किंवा पांढरा रस्सा. मी हे पदार्थ वर्षानुवर्षं करते आहे. नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या मुलामुलींचे याच दिवसांत फोनही येतात. त्यांच्या तक्रारी ऐकून माझी एक खात्री झाली आहे. या पदार्थांत मसाला क्वचित चुकतो. चुकतं ते पाणी: किती घातलं, किती गरम होतं आणि कधी घातलं.

शेंगोळ्यांचं पिठलं होणं

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी शेंगोळे केले तेव्हा पातेल्यात एकही शेंगोळा अख्खा उरला नव्हता. पाणी नुसतं गरम झालं होतं, कडेला बारीक बुडबुडे दिसत होते, तेवढ्यावर मी सगळे शेंगोळे एकदम आत सोडले आणि लगेच पळीने ढवळलं. आमच्या जुन्नरकडच्या आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, पाणी बोलायला लागल्याशिवाय हात लावू नकोस." ते वाक्य मी आजही पातेल्याशी उभी असताना आठवते.

हुलग्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे शेंगोळ्याला धरून ठेवायला आत काहीच नसतं. उकळत्या पाण्यात पडला की त्याचा वरचा थर चटकन शिजून घट्ट होतो आणि त्या सालीमुळे आतलं पीठ जागेवर राहतं. कोमट पाण्यात ही साल धरतच नाही. म्हणून फोडणीचं पाणी खळखळ उकळायला हवं आणि शेंगोळे पाच-सहाच्या घाण्याने सोडायला हवेत. एकदम सगळे टाकले की उकळी बसते. एक घाणा सोडला, उकळी परत आली, की दुसरा. सगळे पडल्यावर चार-पाच मिनिटं पळी बाजूला ठेवायची. नंतरही कडेकडेने हलकेच हलवायचं.

दुसरं कारण पिठात असतं. चार माणसांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ घेतलं तर अर्धी वाटी कणीक घाला. ज्वारीचं किंवा बेसनाचं पीठही चालतं, पण बांधून ठेवण्याचं काम कणकेला चांगलं जमतं. दहा-बारा लसूण पाकळ्या, पाच-सहा मिरच्या आणि चमचाभर जिरं वाटून यातच घालायचं. हळद, तीळ, ओवा, मीठ घालून पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळायचं. वाटणाला स्वतःचं पाणी असतं, हे लक्षात न घेता मळायला आधीच पाणी ओतलं की पीठ सैल झालंच म्हणून समजा. तेलाचा हात लावून पोळपाटावर वळी लाटायची आणि तिचं कडं करून टोकं दाबून जोडायची. जोड नीट दाबला नाही तर पहिला तिथेच सुटतो.

याच्या उलट तक्रार म्हणजे बाहेरून शिजले, आतून पिठूळ. वळी जाड झाली की हे होतं. पेन्सिलीएवढी असली की पुरे. वीस-पंचवीस मिनिटं झाकण ठेवून मध्यम आचेवर शिजू द्या, मग एक शेंगोळा बाहेर काढून बोटाने मधोमध तोडा. आत फिकट, कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं द्या. सगळीकडे एकच रंग दिसला तर झालं.

पाण्याचं म्हणाल तर एवढ्या पिठाला सहा-सात वाट्या लागतंच. सुरुवातीला रस्सा फारच पातळ वाटतो, आणि घाबरून लोक तिथेच पीठ कालवून ओततात. तसं करू नका. शेंगोळ्यांतलं थोडं पीठ रस्स्यात उतरतंच, आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटांत तो बराच आळतो. ताटात वाढताना जसा हवा त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच उतरवा.

माडग्यात आणि येसर आमटीत गुठळ्या

इथे नियम शेंगोळ्यांच्या बरोबर उलटा आहे, म्हणून गफलत होते. शेंगोळ्याला साल हवी असते, पिठाला ती नको असते. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की प्रत्येक गोळ्याभोवती तीच शिजलेली साल धरते आणि आत कोरडं पीठ अडकतं. मग कितीही ढवळा, गाठ फुटत नाही. भाजलेल्या हुलग्यांचं पीठ असो की मराठवाड्यातला येसर, आधी गार पाण्यात कालवून सरसरीत करायचं, आणि मग एका हाताने धार धरून दुसऱ्या हाताने ढवळत उकळत्या पाण्यात सोडायचं. गुठळ्या झाल्याच तर गाळणीतून गाळून घ्या आणि गाळणीत उरलेलं चमच्याने चोळून परत घाला.

गोड माडग्यात दूध घालणार असाल तर गूळ पूर्ण विरघळून माडगं गॅसवरून उतरल्यावर, वाफ जरा बसल्यावर घाला. गुळासोबत दूध उकळलं की बऱ्याचदा नासतं.

कुळीथ शिजतच नाहीत

देशावर हुलगे, कोकणात कुळीथ, दाणा एकच. यात खडे दाण्याच्याच रंगाचे असतात. नुसतं निवडून भागत नाही, पाण्यात रोळून घ्यावे लागतात. त्यासाठी दहा मिनिटं द्या. कढणात दाताखाली एक खडा आला तरी पुढचा घास कुणी विश्वासाने घेत नाही.

आता न शिजण्याचं. मोड आणल्यावरही एखाददुसरा दाणा गणंग राहतो, त्याला इलाज नाही, तो वेचून टाकायचा. पण सगळं पातेलंच कडक राहिलं तर तीन गोष्टी तपासा. एक, आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधी पडलं का? आंबटाने दाण्याचं आवरण मऊ पडायचं थांबतं. दोन, पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यातल्या चुन्याच्या क्षारांनीही तेच होतं. अशा गावात राहत असाल तर भिजवायला आणि शिजवायला क्षार काढलेलं, आरओचं पाणी वापरा, फरक पहिल्याच दिवशी कळेल. तीन, दाणे किती जुने? वर्ष-दीड वर्ष डब्यात राहिलेले कुळीथ आठ-दहा तास भिजवूनही हट्टी राहतात.

यावर पुष्कळजण चिमूटभर खायचा सोडा टाकतात. दाणा मऊ होतो हे खरं, पण कढणाला साबणासारखी चव येते आणि दाण्यातलं ब-१ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. मी सोड्याऐवजी कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त करते.

कढण पाणचट लागण्याचं कारण पुन्हा पाणीच. वाटीभर कुळथांना पाच-सहा वाट्या पाणी घालून कुकरला मंद आचेवर सहा-सात शिट्ट्या केल्या की जे गडद तपकिरी पाणी उरतं, ते म्हणजे कढण. कमी पाण्यात शिजवून वरून साधं पाणी वाढवलं तर ते कढण राहत नाही, कुळथाचं धुवण होतं. पाणी आधीच मोजून घाला. दाटपणा कमी वाटला तर डावभर शिजलेले कुळीथ ठेचून त्यातच परत घाला, बाकीच्यांची उसळ होते. तुपात जिरं, हिंग आणि लसणाची फोडणी द्या. लसूण बदामी झाला की लगेच कढण ओता, कारण जळका लसूण पुढे कशानेच झाकत नाही. तीन-चार आमसुलं अगदी शेवटी.

मटणात मधेच गार पाणी

मटणाच्या पातेल्यावर पाणी भरलेलं ताट ठेवायची आपली पद्धत नव्या घरांतून जवळजवळ गेली आहे. मला ती परत यावी असं मनापासून वाटतं. आत वाफ ताटाला लागून थेंबाथेंबाने परत खाली पडते, आणि वरचं पाणी फुकटात तापत राहतं. रस कमी पडला की तेच गरम पाणी आत. नळाचं गार पाणी ओतलं की उकळी बसते, शिजणं थांबतं आणि पातेलं परत तापेपर्यंत दहा मिनिटं वाया जातात. दोन-तीनदा असं झालं की वेळेचा अंदाज पूर्ण कोलमडतो, आणि पाहुणे दारात असताना मटण अर्धं कच्चं असतं.

पायाबाबत घाई हीच चूक. पायात मांस नावालाच, सगळी चव आणि दाटपणा हाडांभोवतीच्या चिवट शिरांमधून येतो. त्या शिरा विरघळून रसात उतरायला मंद आच आणि वेळ लागतो. कुकरला एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून पाऊण ते एक तास. मोठ्या आचेवर धडाधड शिट्ट्या करून हे होत नाही. नीट जमला की नाही ते दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये कळतं: वाटी तिरकी केली तरी सूप हलत नाही, जेलीसारखं थरथरतं. ते बघून खराब झालं म्हणून फेकून देणारे मी पाहिले आहेत. टाकू नका, तोच पायाचा खरा अर्क आहे. गरम केला की परत पातळ होतो.

पांढरा रस्सा फाटणं

कोल्हापुरी पांढरा रस्सा पहिल्यांदा करणाऱ्याची सगळी मेहनत शेवटच्या पाच मिनिटांत जाते. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, सुंदर उतरलेलं असतं, तीळ-खसखस-काजूचं वाटण गुळगुळीत झालेलं असतं, नारळाचं घट्ट दूध पडतं आणि सवयीने आच मोठी होते. मग वर तुपकट थेंब आणि खाली पाणी. नारळाच्या दुधातला स्निग्धांश प्रथिनांच्या आधाराने पाण्यात मिसळून राहिलेला असतो. जोराची उकळी आली की तो आधार सुटतो.

म्हणून क्रम असा ठेवा. अळणी बारीक आचेवर ठेवून आधी वाटण घाला, ढवळत पाच-सात मिनिटं शिजू द्या, मीठ इथेच बघून घ्या. मग आच आणखी कमी करा. नारळाच्या दुधाच्या वाटीत डावभर गरम अळणी घालून ते कोमट करा आणि मग बारीक धारेने पातेल्यात सोडा. पळी एकाच दिशेने हवी की नको यावर मी वाद घालत नाही, पण ती थांबता कामा नये. कडेला पहिली वाफ दिसली, रस्सा थरथरला, की उतरवा. झाकण लगेच ठेवू नका.

फाटलाच तर? थोडा निवू द्या, गाळा, दोन चमचे काजूची पेस्ट घालून मिक्सरला फिरवा. पहिल्यासारखा रेशमी होत नाही, पण ताटात वाढण्यासारखा होतो. निवू द्या म्हटलं ते मुद्दाम. कडकडीत रस्सा किंवा भोपळ्याचं सूप मिक्सरच्या भांड्यात गच्च भरून फिरवलं तर वाफेने झाकण उडतं आणि हातातोंडावर भाजतं. भांडं अर्ध्याहून कमी भरा.

टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध घालताना आच कमी ठेवूनही ते फाटतं, कारण टोमॅटोचा आंबटपणा. तिथे दुधातच चमचाभर तांदळाचं पीठ कालवून घाला, सार एकजीव राहतं.

मीठ जास्त झालं, आणि उरलेलं काय करायचं

खारट झालेल्या आमटीत बटाटा टाकला की तो मीठ शोषतो, असं सगळीकडे सांगतात. बटाटा खारट पाणी शोषतो, नुसतं मीठ वेगळं काढून घेत नाही. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. उपाय एकच, गरम पाणी वाढवणं आणि त्या मापाने वाटण, आंबट, तिखट वाढवणं. चूक होऊच नये म्हणून मीठ दोनदा घाला: अर्धं शिजताना, उरलेलं आटल्यावर चाखून. आटताना पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं.

उरलेल्या रस्स्याचं मोठं पातेलं "थंडीच आहे" म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बाहेर कितीही गारवा असला तरी बंद स्वयंपाकघरात, जाड बुडाच्या पातेल्यात मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो, आणि मटणाच्या किंवा कडधान्याच्या रसात जंतू वाढायला तेवढं कोमट पुरतं. पातेलं परातीत गार पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळा, लहान डब्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

सकाळी शेंगोळ्यांचा डबा उघडलात तर रस्सा सगळा आत शोषलेला असेल. शेजारी वाटीभर पाण्याला उकळी आणा, ती वाटी कडेने ओता, वर झाकण ठेवून मंद आचेवर चांगली उकळी येईपर्यंत ठेवा. पळी घालू नका, पातेलंच कडेला धरून हलवा. वर चमचाभर कच्चं तेल किंवा तूप, सोबत बाजरीची भाकरी. आमच्याकडे पुष्कळांना हे दुसऱ्या दिवशीचेच जास्त आवडतात, म्हणून मी रात्रीच एक घाणा जास्त सोडते.