नागपूरहून भेडाघाटचा धुआंधार पाहायला जाताना या चुका टाळा

जून संपत आला आणि पावसाच्या दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्या की नागपुरातील अनेक कुटुंबांत जबलपूरजवळच्या भेडाघाटला नर्मदेचा धुआंधार धबधबा पाहायला जाण्याचे बेत ठरू लागतात, आणि सहलीची सर्वांत मोठी चूक नेमकी इथेच होते. धबधबा पावसाळ्यात पाहावा ही समजूत गोंदिया जिल्ह्यातील हाजरा फॉल किंवा चिखलदऱ्याचे धबधबे यांच्याबाबत अगदी योग्य आहे, कारण ते डोंगरातील लहान प्रवाहांवर आहेत आणि पाऊस ओसरला की त्यांची धारही बारीक होत जाते. धुआंधारचे तसे नाही. तिथे नर्मदेसारखी मोठी नदी एकाएकी अरुंद संगमरवरी घळीत कोसळते. नदीला पूर आला की घळीत पाणी तुंबून इतके वर चढते की कड्यावरचे पाणी आणि खालचे पाणी जवळजवळ एका पातळीवर येते, आणि ज्यासाठी पाच-सहा तासांचा प्रवास केला तो धबधबाच दिसेनासा होतो. म्हणून कुठलाही धबधबा पाहायला निघण्यापूर्वी त्याचे पाणी कुठून येते, हे आधी पाहावे. सुट्टीची तारीख त्यानंतर ठरवावी.

धुआंधारचे पाणी येते ते वरच्या अंगाला असलेल्या बरगी धरणातून. या धरणाला 21 दरवाजे आहेत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जलाशय भरत आला की त्यांतील काही उघडले जातात. त्यामुळे जबलपुरात त्या दिवशी कोरडे ऊन असले तरी मंडला-डिंडोरीकडच्या पावसाने नर्मदा फुगलेली असू शकते. मोबाइलवर जबलपूरचे हवामान पाहून निघणारे पर्यटक इथेच फसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी बरगीच्या दरवाज्यांची बातमी पाहावी. जबलपूरची हिंदी वृत्तपत्रे ती ठळकपणे देतात. दरवाजे उघडे असतील तर बेत पुढे ढकलावा, मग मुले कितीही हिरमुसली तरी चालेल. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत प्रवाह भरपूर असतो, पाणी निवळलेले असते आणि तुषारांचा तो प्रसिद्ध धूर पूर्ण रूपात दिसतो.

कोजागरीचा बेत आखणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. चांदण्यात संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरण्याची ओढ रास्तच आहे, आणि शरद पौर्णिमेच्या सुमारास तिथे नर्मदा महोत्सवही भरतो. परंतु पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि ऑक्टोबरमध्ये पाणी उतरल्यावरच तो पुन्हा सुरू होतो. कोजागरीची तारीख दरवर्षी बदलते. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे ती 28 ऑक्टोबरला आली होती, तर 2025 मध्ये 6 ऑक्टोबरलाच होती. कोजागरी लवकर येणाऱ्या वर्षी नावा सुरू झाल्या आहेत का, याची भेडाघाटच्या एखाद्या निवासस्थानी फोन करून खात्री करून घ्यावी आणि खोलीही तेव्हाच ठरवावी, कारण त्या दिवसांत गर्दी मोठी असते. महोत्सवाचा आग्रह नसेल तर कार्तिकी किंवा मार्गशीर्षातील पौर्णिमा निवडणे अधिक शहाणपणाचे ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. चांदणे तेच असते आणि नावा चालू असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

नागपूर ते जबलपूर हे अंतर रस्त्याने सुमारे 270 किलोमीटर आहे. महामार्ग चांगला असल्याने एका दिवसात जाऊन परतण्याचा मोह होतो, तो टाळावा. परतताना सिवनी ते खवासा हा पेंचच्या जंगलाचा पट्टा अंधारात लागतो आणि तोवर चालक थकलेला असतो. या पट्ट्यात वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महामार्ग जागोजागी उंच उचललेला आहे. तिथे गाडी थांबवून छायाचित्रे काढू नयेत. जाताना लखनादौनला लक्ष द्यावे, कारण महामार्ग क्रमांक 44 तिथून नरसिंहपूर-सागरकडे निघून जातो आणि जबलपूरचा रस्ता वेगळा फुटतो. रेल्वेने इटारसीमार्गे गेल्यास अंतर जवळजवळ दुप्पट होते.

भेडाघाटला पोहोचल्यावर होणारा एक गोंधळ म्हणजे धबधबा आणि नावांचा घाट एकाच ठिकाणी आहेत असे समजणे. नावा खालच्या अंगाला असलेल्या पंचवटी घाटावरून सुटतात आणि त्या धबधब्याच्या पायथ्याशी जात नाहीत. दोन्हींसाठी स्वतंत्र वेळ ठेवावा. नावेत जीवरक्षक जॅकेट मिळाले नाही तर बसू नये. धबधब्याजवळ रोपवे आहे. तो चालू असेल तर पलीकडच्या काठावरून दिसणारे दृश्य अवश्य पाहावे.

यापुढची चूक जिवावर बेतू शकते. धबधब्याभोवतीचा दगड पाण्याने आणि पावलांनी घासून गुळगुळीत झालेला आहे, आणि सततच्या तुषारांमुळे तो ओला राहतो. कठड्यापलीकडे एक पाऊल टाकून छायाचित्र काढणारे लोक तिथे रोज दिसतात. पाय घसरल्यास खाली पोहता येईल असे पाणी नाही. घळीत भोवरे आहेत आणि बाजूचे कडे उभे आहेत. चपला किंवा झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून जाऊ नये, लहान मुलांचा हात कठड्याजवळ क्षणभरही सोडू नये, आणि अंघोळीसाठी स्थानिक लोक जो घाट दाखवतील त्याव्यतिरिक्त कुठेही पाण्यात उतरू नये.

एवढी काळजी घेऊनही पोहोचल्यावर नर्मदा फुगलेली आढळली, तर कठड्याच्या अलीकडूनच पूर पाहून मागे फिरावे आणि उरलेला दिवस दुसरीकडे लावावा. टेकडीवरचे चौसष्ट योगिनी मंदिर जवळच आहे. कलचुरी काळातील हे वर्तुळाकार मंदिर धबधब्याच्या घाईत बहुतेकांचे पाहायचे राहून जाते. पायऱ्या बऱ्याच असल्याने वयस्करांना सावकाश न्यावे. जबलपुरात मदन महाल किल्ला आणि त्याच्या वाटेवरची एकावर एक तोललेली प्रचंड शिळा पाहता येते. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर दुसऱ्या सकाळी बरगीच्या विसर्गाची बातमी पुन्हा पाहावी. दरवाजे बंद झाले असतील तर पाणी उतरायला काही तास देऊन मगच भेडाघाटकडे निघावे.