तबलजीचं कोपर आणि तबल्याची हातोडी

इंदूरला रामबागेत मी मुलांना तबला शिकवते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत साथीचे कार्यक्रम आले म्हणून तासाभराचा रियाज एकदम तीन तासांवर नेला. चौथ्या दिवशी उजव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकायला लागली. ‘तिरकिट’सारखा जलद बोल राहू दे, चहाचं पातेलं उचलवेना. महिनाभर तबला झाकून ठेवला. उघडला त्याच संध्याकाळी कळ हजर.

पखवाजवादक नाना पानशांच्या या गावात, हाताला घट्टे पडतात तसं दुखणंही रियाजाचंच, असं ऐकत आम्ही वाढलो. ते खरं नाही. पण नुसती विश्रांतीही पुरत नाही. मनगट उचलणारे स्नायू कोपराशी जिथे जोडलेले असतात, तिथली भार पेलायची ताकद पडून राहिल्यानं कमीच होते. ती हळूहळू परत आणावी लागते.

आधी धरून ठेवायचा व्यायाम. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. डाव्या हातानं पंजा वरून दाबा, उजव्यानं वर रेटा, हलू मात्र देऊ नका. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं, म्हणजे ३२ सेकंद. ठेका तोंडानं म्हणा, श्वास कोंडत नाही. मिनिटभर थांबत पाच वेळा.

आठ-दहा दिवसांनी हातोडी, तबला सुरात मिळवायची तीच. कोपर कुशीला चिकटलेलं, काटकोनात. दांडा मधोमध धरून हातोडी उभी. पहिल्या चार मात्रांत तळवा वर वळवा, पुढच्या चारांत परत उभी. खालीला, म्हणजे नवव्या मात्रेपासून, तळवा जमिनीकडे, शेवटच्या चारांत परत, समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेला, हातोडी सरळ. अशी दहा आवर्तनं. मुलं घाई करतात ती इथेच: हातोडीचं डोकं झुकलं की हात धपकन सोडतात. सावरत उतरवणं हाच तर व्यायाम! सोपं वाटायला लागलं की मूठ बोटभर खाली सरकवा, भार वाढतो.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आधीइतकंच हवं. जास्त असेल तर एक पाऊल मागे या.

रियाज दहा मिनिटं संथ, विलंबित ठेक्यानं सुरू करा, मग पाच मिनिटं हात मोकळा. लय आणि वेळ एकाच दिवशी वाढवू नका. रेला, म्हणजे जलद बोलांची सलग लड, सगळ्यांत शेवटी. माझा तिसऱ्या महिन्यात परतला.

बोटांना मुंग्या, रात्री जाग आणणारी बधिरता, सूज, किंवा हातातून वस्तू सुटणं, यातलं काहीही असेल तर हातोडी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.