जलरंग मळकट होतात? या चुका टाळा

पॅलेटवर झळझळीत दिसणारा रंग कागदावर मेल्यासारखा दिसला, की आधी रंगाच्या ट्यूबला दोष दिला जातो, मग कागदाला. पण बहुतेक वेळा रंग मळतो तो हात थांबत नाही म्हणून.

वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट हात, दिल्यावर काही वेळ कागदावर चकाकी असते. तोवर दुसरा रंग सोडायला हरकत नाही. चकाकी गेली, पण कागद अजून गार लागतोय, तेव्हा मात्र ब्रश खाली ठेवा. खाली बसू लागलेले रंगकण या वेळी फिरवलेल्या ब्रशने उखडतात आणि वरच्या रंगात कालवले जातात. ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर फुलकोबीसारखा डागही उमटतो. तो पुसायच्या नादात मी कितीतरी आकाशं घालवली आहेत! डाग तसाच सोडा. कागद पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ, ओलसर ब्रशने हलकेच घासून टिश्यूने टिपा. थॅलो ब्लूसारखे कागदात मुरणारे रंग पूर्ण निघत नाहीत, हे धरूनच चाला. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून पहिलाच हात थोडा गडद द्या. नंतर थरांवर थर चढवावे लागत नाहीत.

निळा-पिवळा मिसळून केलेला हिरवा मरतो त्याचं कारण वेगळं. अल्ट्रामरीन या निळ्यात लालसर झाक असते, गडद कॅडमियम यलोमध्ये नारिंगी. दोन्हींतला लाल हिरव्याला मारतो. ताजा हिरवा हवा तर लेमन यलोत थॅलो ब्लू मिसळा, तोही अगदी थेंबभर, कारण तो फार जोरकस आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरंही वाचा. सॅप ग्रीन आणि पेन्स ग्रे बहुधा मुळातच मिश्रणं असतात. अशा दोन ट्यूब एकत्र केल्या, की तुम्ही दोन नाही, चार-पाच रंगद्रव्यं घोटत असता.

सावलीसाठी काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हा लालसर तपकिरी मिळून जिवंत करडा देतात.

पाण्याची भांडी दोन: एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. आणि पिवळ्याच्या वडीत निळा ब्रश बुडवलात, तर पुढची फुलं रंगवण्याआधी ओल्या ब्रशने वरचा थर काढून टाका. पिवळा सगळ्यात आधी बाटतो.