उधईवर मेटारायझियम: आधी डबीत बघा, मग रानात टाका

कपाशीच्या पऱ्हाट्या रानात राहिल्या, किंवा शेणखत कच्चं टाकलं, की उधई आलीच. मेटारायझियम, म्हणजे किडींना मारणाऱ्या बुरशीची पावडर, टाकूनही ती हटत नाही, ही जळगाव-धुळ्याकडे नेहमीची तक्रार. पुडी बोगस असेलच असं नाही. बुरशीला तोंड कसं द्यायचं हे उधईला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

तीन डब्या घ्या. तळाला ओलसर टिपकागद, वर लाकडाची ढलपी. कामकरी उधई मऊ ब्रशने उचला, बोटाने चिरडते. पहिल्या डबीत पावडरवरून फिरवलेल्या 20 सोडा, दुसरीत तशीच एकटी एक, तिसरीत पावडर न लावलेल्या 20. तिसरीतल्याही मेल्या, तर दोष पावडरचा नाही, ओल कमी पडली असेल; पुन्हा करा.

पहिल्या डबीत भिंग लावून बघा. एक स्थिर उभी राहते, दुसरी तिच्या पाठीवरून, पायांवरून, मिशांवरून तोंड फिरवत बीजाणू चाटून काढते. पोटात गेलेले बीजाणू सहसा रुजत नाहीत. एकटीला चाटणारं कोणी नाही, म्हणून ती बहुधा आधी मरते. मेलेली लगेच वेगळ्या ओल्या कागदावर ठेवा: आधी पांढरे तंतू, मग हिरवट भुकटी दिसली तर पावडर जिवंत आहे. तिला डबीतच ठेवलं तर बाकीच्या तिला खातात नाहीतर मातीत गाडतात, तेही बुरशी पिकायच्या आत.

हे बघितलं की रानातली चूक कळते. पावडरचा जाड थर टाकला तर उधई वासाने ओळखून वाट बदलते. बुरशी जितकी जहाल, तितकी ती लांबून टाळते.

म्हणून उधईलाच वाहक करा. जुन्या मडक्याच्या कडांना पेन्सिलीएवढी भोकं पाडा, दाणे काढलेली मक्याची कणसं ओली करून भरा, तोंड झाकून गळ्यापर्यंत पुरा. 10-15 दिवसांनी उधईने भरलेली कणसं ताटात झटका, चमचाभर पावडर हलकेच भुरभुरवा आणि सगळं परत त्याच मडक्यात ठेवा. बीजाणू त्या स्वतःच बिळात नेतील.

सरसकट टाकायचं तर एकरी 2 किलो, 100 किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा. पाऊस लागल्यावर, संध्याकाळी टाका. भुसावळच्या मे महिन्यातल्या 44-45 अंशांत आणि उन्हात बीजाणू टिकत नाहीत. सोबत बुरशीनाशक तर नकोच.

बांधावरच्या मोठ्या वारुळावर मात्र बुरशीचा भरवसा धरू नका. ही उधई आत स्वतःची एक बुरशी पिकवते आणि परकी बुरशी तण निंदावं तशी काढून टाकते. पावसाळ्याच्या तोंडी वारुळावर उगवणारी अळंबी त्याच शेतीची. तिथे पहार-कुदळ घ्या आणि राणी काढा.