घरच्या पार्किंगमधून भाड्याच्या गाळ्यात: कार डिटेलिंगचा व्यवसाय कसा हलवावा

घराच्या पार्किंगमध्ये गाड्या धुऊन, पॉलिश करून व्यवसाय उभा करणाऱ्यांची संख्या पुणे, नाशिक, ठाण्यासारख्या शहरांत मोठी आहे. काम वाढले की सोसायटीतून पाण्याबद्दल आणि कॉम्प्रेसरच्या आवाजाबद्दल तक्रारी येतात आणि भाड्याने गाळा घेण्याचा विचार सुरू होतो. हा निर्णय जागेच्या दर्शनी भागावरून घेतला जातो, तिथेच बहुतेकांचे गणित बिघडते. डिटेलिंगसाठी रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीपेक्षा पाणी, निचरा, वीज आणि प्रकाश या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि भाडे भरून निघते ते छपराखालीच होऊ शकणाऱ्या कामांतून.

आधी दिवसाचा खर्च काढावा

गाळा पाहायला जाण्यापूर्वी कागदावर एक आकडा काढावा. उदाहरणार्थ, भाडे २५,००० रुपये, मदतनिसाचा पगार १८,०००, वीज व पाणी ६,००० आणि विमा, फोन, किरकोळ देखभाल ३,००० असे धरले, तर महिन्याचा खर्च ५२,००० रुपये होतो. महिन्याला २६ दिवस काम धरल्यास दररोज २,००० रुपये केवळ दार उघडे ठेवण्यासाठी लागतात. साध्या फोम वॉशमधून साहित्य वजा जाता ३०० रुपये उरत असतील, तर रोज सात गाड्या धुऊनही स्वतःच्या हातात जवळपास काहीच राहत नाही. याउलट सिरॅमिक कोटिंगच्या (रंगावर चढवायच्या टिकाऊ संरक्षक थराच्या) एका कामातून साहित्याचा खर्च वजा जाता ८,००० रुपये उरले आणि गाडीने दोन दिवस जागा अडवली, तरी दिवसाला ४,००० रुपये पडतात. म्हणून घरून काम करत असतानाच पॉलिशिंग, कोटिंग आणि इंटिरिअर क्लीनिंगचे ग्राहक किती आहेत, हे मागील वर्षाच्या नोंदवहीतून तपासावे. ही कामे फारच थोडी असतील, तर स्थलांतर काही महिने पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते. डिपॉझिट आणि फिटिंगचा खर्च बाजूला काढल्यावरही किमान तीन महिन्यांचे भाडे हाताशी शिल्लक असावे.

गाळा कसा पारखावा

मोठी गाडी साधारण पावणेपाच मीटर लांब असते. तिच्या चारही बाजूंनी पॉलिशिंग मशीन घेऊन फिरता यावे यासाठी एका गाडीमागे किमान १२ फूट रुंद आणि २० फूट खोल मोकळी जागा लागते. शटरची रुंदी आणि उंची टेपने मोजावी, रस्ता आणि गाळा यांच्यातील उतारही पाहावा; बुटक्या गाडीचा बंपर तिथे घासतो.

जागा पाहायला जाताना एक बादली पाणी मागून घ्यावे आणि फरशीच्या मधोमध ओतावे. पाणी स्वतःहून निचऱ्याच्या जाळीकडे सरकते, की कोपऱ्यात थबकून राहते, ते थांबून पाहावे. नंतर जाळी उचलून त्यापुढचा पाइप कुठे जातो ते मालकाला विचारावे. धुण्याच्या पाण्यात माती, ग्रीस आणि तेलाचा अंश असतो; ते पावसाळी गटारात सोडणे योग्य नाही. त्यामुळे गाळ आणि तेल अडवणारे चेंबर बांधून मगच पाणी मलनिस्सारण वाहिनीला जोडावे. त्यासाठी फरशी फोडावी लागणार असेल, तर मालकाची परवानगी करारातच लिहून घ्यावी. गाड्या धुण्याचे काम मोठ्या प्रमाणावर होणार असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात संमतीबाबत आधीच चौकशी करावी.

पाणी बोअरवेलचे असेल तर त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजावा. जड पाणी उन्हाने तापलेल्या बॉनेटवर सुकले की पांढरे डाग पाडते, आणि ते काढताना नफ्याचे तास वाया जातात. शेवटच्या धुण्यापुरते तरी मऊ पाणी लागेल, असे गृहीत धरून सॉफ्टनरचा खर्च हिशेबात घ्यावा.

विजेच्या बाबतीत मीटर व्यापारी वापराचा आहे का आणि मंजूर भार (एका वेळी वापरता येणारी वीज) किती आहे, हे जुन्या बिलावर पाहावे. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशर आणि दिवे एकत्र चालले, तर भार सहा-सात किलोवॉटपर्यंत सहज जातो. भार वाढवून घेणे किंवा थ्री-फेज जोडणी घेणे याला वेळ लागतो, म्हणून अर्ज सामान हलवण्यापूर्वीच करावा.

प्रकाशाची परीक्षा काळ्या गाडीवर करावी. ओळखीच्या कुणाची काळी गाडी गाळ्यात उभी करून बॉनेटवर हातातील एलईडी तिरका धरला, की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. छताच्या दिव्यांत ते दिसत नसतील, तर तुम्हाला राहिलेली उणीव ग्राहकाला बाहेर उन्हात दिसेल. भिंतींवर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या लावणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

करार आणि नोंदण्या

मालमत्तेचा मंजूर वापर व्यापारी आहे का, हे इमारत वापरण्यास परवानगी देणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्रावरून तपासावे. गाळा सोसायटीच्या इमारतीत असल्यास गाड्या धुण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख असलेले ना-हरकत पत्र घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. लॉक-इनचा काळ (ज्यात करार मोडता येत नाही), वार्षिक भाडेवाढ, डिपॉझिट परत मिळण्याची मुदत आणि फिटिंगच्या दिवसांचे भाडे माफ आहे का, हे मुद्दे सहीपूर्वी ठरवावेत. फिटिंगसाठी पंधरा दिवसांची सूट मागण्यात संकोच करू नये.

तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि मालकाची नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरील १८ टक्के कर भाडेकरूनेच भरायचा असतो. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या) व्यावसायिकांना यातून वगळले आहे. व्यवसायाचा पत्ता बदलल्याची दुरुस्ती जीएसटी पोर्टलवर १५ दिवसांत करावी. उद्यम (लघुउद्योगांच्या सरकारी) नोंदणीतील पत्ताही त्याच वेळी बदलावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दोन-चार कामगार असलेल्या दुकानाला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटीवर नाव देवनागरीत, मराठीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावे. प्रकाशित पाटीसाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह (जाहिरात फलक परवाना) विभागात विचारणा करावी.

कधी हलावे

गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळीच्या सुमारास नव्या गाड्या घरी येतात आणि कोटिंगची मागणी वाढते. पितृपक्षात नवी गाडी घेणे लोक टाळतात, त्यामुळे सामान हलवण्यासाठी आणि फरशी-दिवे लावून घेण्यासाठी तो पंधरवडा सोयीचा आहे. दसऱ्याच्या मुहूर्तावर शटर उघडता येते. जुन्या ग्राहकांना महिनाभर आधी संदेश पाठवावा, नकाशावरील पत्ता त्याच दिवशी बदलावा आणि घरी येणाऱ्या ग्राहकाला काही काळ गाडी नेण्या-आणण्याची सोय द्यावी, कारण अंतर वाढले की सवयीचा ग्राहकही मागे पडतो.

दुकान उघडल्यावर

आता ग्राहकाची गाडी रात्रभर तुमच्या कुलपात राहणार आहे, म्हणून ताब्यातील वाहने, आग आणि चोरी यांचे संरक्षण देणारा विमा पहिल्या गाडीपूर्वीच घ्यावा. सॉल्व्हंट आणि कोटिंगच्या बाटल्या झाकणबंद, कॉम्प्रेसर व विजेच्या बोर्डापासून दूर ठेवून जवळच अग्निशामक ठेवावा. गाडी आत घेताना ग्राहकासमोर सभोवार फिरून जुने ओरखडे, रिमवरील घासणी, फुटलेली काच यांची नोंद जॉब कार्डावर करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी. चावी जॉब कार्डाच्या क्रमांकासह कुलूपबंद पेटीत ठेवावी आणि पेटीची किल्ली एकाच व्यक्तीकडे असावी.